आत्याआजींची पदकं आणि फोटो: काय कुणाचं, आणि जपायचं कसं?

जुनीपेटी

आमच्या आत्याआजी दुसऱ्या महायुद्धात विमेन्स ऑक्झिलरी कोअर इंडियामध्ये, म्हणजे वॅक-आय या महिलांच्या सहायक सैन्यदलात होत्या. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात तीन पदकं, सात फोटो आणि खांद्यावर लावायची एक पितळी पट्टी आहे. कागद एकही नाही.

पदकं अशी:
१. गोल, पांढरट धातू. पुढे मुकुटधारी राजा, मागे दोन तोंडांच्या कुठल्याशा प्राण्यावर उभा असलेला सिंह. फीत लाल-निळी-पांढरी.
२. गोल, पांढरट. मागे अखंड हिंदुस्थानचा नकाशा. फीत गडद आणि फिक्या निळ्या पट्ट्यांची, एका जागी विरलेली.
३. सहा टोकांचा पिवळा तारा. फीत मधे केशरी, कडांना हिरवी.

फोटोंपैकी चार लहान, साधारण ६ × ९ सेंमीचे. दोन स्टुडिओतले. एक फ्रेममध्ये आहे, पण तो काचेलाच चिकटलाय. स्टुडिओतल्या एका फोटोत खाकी साडी आणि खांद्यावर दोन फुल्या (हुद्द्याच्या खुणा) दिसतात. छातीवर मात्र एकही फीत नाही, म्हणून घरात शंका निघते की पदकं त्यांची नसावीत.

सगळं एका फ्रेममध्ये लावायचं आहे. पदकं उजळून घ्यावीत का? आणि त्यांवर त्यांचं नाव कोरून घेतलं तर चालेल का?

---

फीतवाला

नाव कोरू नका आणि उजळायलाही देऊ नका. दोन्हीची कारणं पुढे देतो. आधी ओळख.

पहिलं वॉर मेडल १९३९–४५. तो प्राणी म्हणजे दोन तोंडांचा ड्रॅगन. ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात २८ दिवस पूर्णवेळ सेवा झाली की हे मिळायचं, त्यामुळे नुसत्या ह्यावरून फार काही कळत नाही.

दुसरं इंडिया सर्व्हिस मेडल, आणि तुमच्या डब्यातली सगळ्यात बोलकी वस्तू हीच. हे फक्त भारतीय सैन्यदलांसाठी होतं. अट होती आघाडीबाहेरच्या ३ वर्षांच्या सेवेची, आणि मोजणी २ सप्टेंबर १९४५ ला संपते. वॅक-आय स्थापन झाली एप्रिल १९४२ मध्ये. आता उलटं मोजा. ३ वर्षं भरायची तर आत्याआजी फार उशिरात उशिरा सप्टेंबर १९४२ च्या सुरुवातीला दाखल झालेल्या असणार. म्हणजे कोअर निघाल्यापासून पहिल्या पाचेक महिन्यांतच. कागद नसताना एवढी नेमकी मुदत मिळणं ही चैन आहे.

छातीवर फीत नाही, याचा अर्थ पदक नाही असा होत नाही. वॉर मेडल जाहीर झालं ऑगस्ट १९४५ मध्ये, इंडिया सर्व्हिस मेडल जून १९४६ मध्ये. युद्ध चालू असताना काढलेल्या फोटोत ह्या फिती दिसणारच नाहीत. दिसल्या असत्या तर मी उलट फोटोच्या तारखेवर शंका घेतली असती.

आता तारा. त्यावरची फीत त्याची नाहीच. मधे केशरी, कडांना हिरवी आणि हिरव्यात बारीक काळी रेघ असेल, तर ती डिफेन्स मेडलची फीत, आणि डिफेन्स मेडल गोल असतं. कुणीतरी मिळाली ती फीत ओवून ठेवलीय. असं फार दिसतं, कारण त्या काळच्या सगळ्या ताऱ्यांचा साचा एकच: ४४ मिमी उंच, ३८ मिमी रुंद, मधे राजाची मुद्राक्षरं आणि वर मुकुट. फरक फक्त मुद्रेभोवतीच्या गोल पट्टीवरच्या नावात. भिंगाने ते नाव वाचा.

मग तारा उलटा करा. ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या ताऱ्यांवर नाव नसायचं. भारतीय सैन्याला दिलेल्यांच्या पाठीवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली पुष्कळदा मिळते. अक्षरं उथळ असतात, समोरून प्रकाश पाडला तर दिसत नाहीत. खोलीत अंधार करा, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि तारा हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि ओळ उमटते. मोबाइलवर त्याच कोनातून फोटो घ्या. गोल पदकांची कडही अशीच तपासा.

कोरण्याबद्दल: पदकावर नाव नसणं हा दोष नाही. आज कोरलेलं नाव उद्या बघणाऱ्याला बनावट वाटतं आणि खऱ्या वस्तूची किंमत, म्हणजे पुरावा म्हणून असलेली किंमत, जाते. नाव चिठ्ठीवर लिहा, धातूवर नको.

---

काचेआडून

फोटोंचं मी सांगतो.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. त्या काळच्या कागदी फोटोवर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातच असतं. दमट हवेत जिलेटिन फुगून चिकट होतं, काचेला टेकलेलं असेल तर धरतं आणि वाळल्यावर तिथेच राहतं. ओढलं की कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. पाणी लावून सोडवा, वाफ द्या, केसांचा ड्रायर फिरवा, असे सल्ले मिळतील. घरी ह्यातलं काहीही करू नका. फ्रेमची पाठ उघडा, काच आणि फोटो एकत्रच बाहेर काढा, काच बाहेरून पुसा आणि काचेसकट स्कॅन करा. मग तसाच, काच खाली ठेवून, सपाट डब्यात ठेवा. सोडवायचाच असेल तर कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्या माणसाकडेच.

स्कॅनिंग: ६ × ९ चे फोटो बहुधा निगेटिव्हवरून थेट छापलेले असतात, मोठे केलेले नसतात. त्यामुळे त्यांत डोळ्याला दिसतं त्याहून बरंच जास्त असतं. १२०० डीपीआयला स्कॅन केलेत तर साधारण २८०० × ४२५० पिक्सेल मिळतील. स्टुडिओतल्या मोठ्या फोटोंना ६०० पुरे. कृष्णधवल असले तरी रंगीत मोडवरच स्कॅन करा, कारण पिवळेपणा, डाग, पेन्सिलची खूण हे सगळं रंगातच कळतं. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, पाठवायला जेपेग वेगळी करा. स्कॅनरचं "धूळ काढा", "रंग सुधारा" बंद ठेवा. धुळीचा ठिपका समजून ते खांद्यावरची फुलीसुद्धा पुसतं.

प्रत्येक फोटोची पाठही स्कॅन करा, कोरी वाटली तरी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा नंबर, अल्बममधून उचकटताना आलेला काळा कागद, सगळं उपयोगी. स्टुडिओच्या फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात बिनशाईचा उठावाचा ठसा असू शकतो. त्यालाही वरचीच आडव्या टॉर्चची युक्ती.

दोन फुल्या म्हणजे वॅक-आयमध्ये सबाल्टर्न, हा अधिकाऱ्याचा हुद्दा. हुद्द्यांची नावं ब्रिटिश लष्कराच्या महिला दलासारखी (एटीएस) होती: एक फुली सेकंड सबाल्टर्न, दोन सबाल्टर्न, तीन ज्युनिअर कमांडर. खाकी साडीचंही बरोबर आहे, भारतीय बायकांना गणवेशात साडीची मुभा होती. नौदलाच्या शाखेतही साडी होती. सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला गेल्या, तिथे सेवेतली भारतीय स्त्री म्हणून त्या पहिल्याच. रोसाइथच्या नौदल तळावरचा त्यांचा साडीतला फोटो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे, गणवेश ताडून बघायला बरा. पण नौदलात दर्जा पट्ट्यांनी दाखवतात, फुल्यांनी नाही. तेव्हा दोन फुल्या खरंच असतील तर आत्याआजी नौदलाच्या शाखेत नव्हत्या.

आणि एक विनंती, फोटो रंगीत करून देणाऱ्या ॲपमध्ये घालू नका. निदान फ्रेममध्ये तरी ते चित्र लावू नका. त्या वेळच्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे: लाल काळा यायचा आणि निळा फिकट. फितीचे रंग राखाडी छटेवरून माणसालाही ओळखता येत नाहीत, पट्ट्यांची रुंदी मोजावी लागते. ॲप तर सरळ ठोकून देतं.

---

जुनीपेटी

धन्यवाद, टॉर्चने काम झालं. ताऱ्याच्या गोल पट्टीवर "द बर्मा स्टार" आहे. पाठीवर आधी लांब क्रमांक, मग "एनके", मग एक नाव जे नीट लागत नाही, आणि शेवटी "आय.ए.एम.सी.". दोन्ही गोल पदकांच्या कडा कोऱ्या. पितळी पट्टीवर कोअरची आद्याक्षरं आहेत.

हा तारा आत्याआजींचा असू शकतो का?

---

फीतवाला

नाही. "एनके" म्हणजे नाईक, हा अधिकाऱ्यांच्या खालचा हुद्दा, आणि आय.ए.एम.सी. म्हणजे इंडियन आर्मी मेडिकल कोअर, ही एप्रिल १९४३ मध्ये उभी राहिली. वॅक-आयमधली सबाल्टर्न नाईक म्हणून तिथे नोंदली जाणार नाही. तारा घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या पुरुषाचा आहे. भाऊ, दीर, नवरा, कुणीही. तो क्रमांक जसाच्या तसा उतरवून ठेवा. नाव पुढेमागे लागेल, क्रमांक हरवला तर दोरा तुटला.

डिफेन्स मेडलची फीत तर तिसऱ्याच कुणाची असणार. ज्याला डिफेन्स मेडल लागू झालं त्याला इंडिया सर्व्हिस मेडल मिळत नसे. म्हणजे ती आत्याआजींच्या संचात बसत नाही. असल्या डब्यांत नेहमी हेच होतं: घरातल्या चार जणांचं सामान एका डब्यात येतं आणि दोन पिढ्यांनी ते सगळं एकाच माणसाच्या नावावर चढतं.

म्हणून फ्रेममध्ये दोनच पदकं. तारा वेगळ्या डबीत. त्याला त्याची खरी फीत घ्यायची असेल तर ती अशी: मधे रुंद लाल, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्याच्या मधोमध बारीक नारिंगी.

कागद शोधायचे तर भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर वॅक-आयच्या फायली शोधा, आणि लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन फुकट चाळता येतं. इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, लष्करी कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शोधताना लग्नाआधीचं आडनावही घाला आणि स्पेलिंगच्या तीन-चार तऱ्हा करून बघा. बायकांच्या नोंदी सापडत नाहीत त्या बहुतेक वेळा आडनावामुळे.

---

चिंचमीठ

पदकं एवढी काळवंडलेली लावायची? चिंचेच्या कोळात दहा मिनिटं ठेवली की लख्ख होतील. पितळेला आपण तेच करतो की.

---

टाकाटीप

समई घासायला चिंच उत्तम, पदकाला नको. आम्ल वरचा काळपटपणा नेतं, त्यासोबत धातूचा पातळ थरही नेतं. राजाचा चेहरा, सिंहाची आयाळ, नकाशाची किनार हे उठाव मिलिमीटरच्याही अंशातले असतात. दोनचार वेळा घासलं की बोथट होतात. पॉलिशची पांढरी पूड अक्षरांच्या खाचांत बसते आणि निघत नाही. शिवाय ही गोल पदकं पितळेची नाहीतच, तांबं-निकेलच्या मिश्रणाची आहेत. त्यांचा मंद राखाडी रंग हाच त्यांचा रंग.

एवढंच करा. फीत काढून ठेवा. नायट्राइलचे हातमोजे घाला (सुती मोजे घसरतात). मऊ, धुतलेल्या सुती कापडाने कोरडं पुसा. तेलकट थर असेल तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, कापूस बुडवून पिळून फिरवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा, आणि लगेच कोरडं. पदक पाण्यात बुडवायचं नाही, वरच्या अडकवणीच्या सांध्यात पाणी राहतं. ताऱ्यावर हिरवट कळंक धरला असेल तर लाकडी टूथपिकने भिंगाखाली उचलून काढा. तपकिरी झाक राहू द्या.

फीत अजिबात धुवू नका. वॉर मेडलच्या फितीतला लाल पांढऱ्यात उतरला की संपलं. इस्त्रीही नको. दोन ब्लॉटिंग पेपरमध्ये ठेवून वर एक पुस्तक, दोन दिवस.

विरलेल्या फितीवर पदकाचा भार टांगू नका. दोन मार्ग आहेत. नवी ३२ मिमी रुंदीची फीत आणून पदक तिच्यावर लावायचं आणि जुनी फीत चिठ्ठीसह कागदी पाकिटात जपायची. किंवा, मला जास्त आवडतो तो, जुनीच फीत ठेवायची पण वजन तिच्यावर येऊ द्यायचं नाही. पांढरा पॉलिथिलीन फोम घ्या. गादीचा स्पंज नको, तो काही वर्षांत पिठासारखा भुगा होतो आणि धातूला खातो. पदकाची बाहेरची रेघ फोमवर पेन्सिलने काढून ३ मिमी खोल खाच कापा. पदक त्यात घट्ट बसतं, फीत नुसती वर टेकलेली राहते. फोमवर आधी धुऊन खळ काढलेलं बिनरंगी सुती कापड ताणून घ्या आणि खाचेत दाबून बसवा. मखमल आणि लोकरी नमदा टाळा, दिसतात झकास, पण लोकरीतल्या गंधकाने धातू काळा पडतो.

फितीची वरची कड पुठ्ठ्याच्या मागे १५ मिमी दुमडा आणि सुती दोऱ्याने टीप घाला. सुई फितीच्या विणीतून, धाग्यांच्या मधून काढायची, धागा चिरायचा नाही. दोन्ही टोकांना दोन आणि मधे एक टाका पुरतो. डिंक, फेविकॉल, गरम गोंद, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, काहीही नको.

जागेचा हिशेब: दोन फिती ६४ मिमी, मधे ८ मिमी मोकळी. वरच्या कडा आणि पदकांचे तळ एका रेषेत. दोन्ही पदकं ३६ मिमी व्यासाची असल्याने हे सोपं जाईल. तारा असता तर त्याची फीत आखूड करावी लागली असती. बघणाऱ्याच्या डावीकडे वॉर मेडल, उजवीकडे इंडिया सर्व्हिस. हा मानाचा क्रम आहे, उलटा लावला की जाणकार पहिलं तेच बघतो.

फ्रेम आतून किमान २० मिमी खोल. ॲल्युमिनियमची सगळ्यात बरी. प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ निघत राहते, बंद पेटीत ती बाहेर जायला जागा नसते.

---

काचेआडून

ह्यात भर: फ्रेममध्ये मूळ फोटो लावू नका. स्कॅनवरून चांगली प्रिंट काढा, ती लावा. प्रिंट फिकट झाली तर पुन्हा काढता येते. तीही काचेला टेकू देऊ नका, कडेने ३-४ मिमी जाडीचा खिडकी कापलेला पुठ्ठा मधे हवा. आधीचा फोटो चिकटला तो नेमका हाच पुठ्ठा नव्हता म्हणून.

मूळ फोटो एकेक करून पॉलिएस्टरच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. मऊ, वास येणारं प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, ते नको. पाठीवर लिहायचं तर फोटो कडक सपाट काचेवर पालथा ठेवून, कडेच्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनने लिहिलं की पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उठाव येतो. काळ्या भागांवर निळसर आरशासारखी चकाकी दिसत असेल तर घासू नका, ती चित्रातलीच चांदी वर आलेली असते.

---

जुनीपेटी

शेवटचा प्रश्न. घर कोकणात आहे. पावसाळ्यात काय करायचं? सध्या डब्यात डांबरगोळ्या आहेत.

---

टाकाटीप

गोळ्या आजच काढा. त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या पाकिटांवर बसते आणि ती चिकट होतात. कडुनिंबाचा पालाही नको, डाग पडतात. कसर लागते ती खळ आणि जिलेटिन खायला, तिला उपाय कोरडेपणा आणि वर्षातून दोनदा डबा उघडून बघणं.

डबा बंद करण्याची वेळ महत्त्वाची. जुलैत बंद केलात तर जुलैची हवा आत कोंडते. डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या दुपारी, फोटो आणि पदकं दोनतीन तास सावलीत उघडी ठेवून मग घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात भरा. ५ लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत, कुठल्याही वस्तूला न टेकता. सोबत छोटा आर्द्रतामापक. काटा ३५ ते ५० मध्ये राहिला तर ठीक. ३० च्या खाली गेला तर जेल कमी करा, कारण फार कोरड्या हवेत जिलेटिन आकसतं आणि फोटो गुंडाळायला लागतो. केशरी जेल हिरवं झालं की ताटात पसरून १२० अंशांवर दोनेक तास ओव्हनमध्ये, थंड झाल्यावर परत आत. पदकं आणि फोटो एका डब्यात नकोत.

फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल तिथूनच येते. आतल्या भिंतीवर, मागे चारही कोपऱ्यांना १० मिमीचे बुचाचे तुकडे, म्हणजे मागून हवा खेळेल.

---

फीतवाला

फ्रेमच्या पाठीवर पाकीट चिकटवा, आत आम्लरहित कार्डावर पेन्सिलने एवढं लिहा: पूर्ण नाव, लग्नाआधीचं नावही, सबाल्टर्न, वॅक-आय, हुद्दा फोटोतल्या फुल्यांवरून, दाखल सप्टेंबर १९४२ च्या सुरुवातीपर्यंत, इंडिया सर्व्हिस मेडलवरून काढलेला अंदाज, दोन्ही पदकं बिननावाची, कडा तपासल्या, आजची तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव. "अंदाज" हा शब्द गाळू नका.

ताऱ्याच्या डबीत वेगळं कार्ड, त्यावर पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं. डिफेन्स मेडलची फीत त्याच डबीत, पण वेगळ्या पाकिटात, "ताऱ्याला ओवलेली सापडली" असं लिहून.